उरलेली दहा मिनिटं

मंचासमोरचा लाल दिवा फक्त गाणाऱ्याला दिसतो. तो लागला की दहा मिनिटं उरली, असं समजायचं. संगीत महोत्सवात इंटर्नशिपला आलेल्या कादंबरीला विंगेत बसून तो दिवा लावायचं एवढंच काम होतं.

"तुमच्या कॉलेजात बटण दाबायला शिकवत नसतील, म्हणून दोनदा सांगतोय," संयोजक म्हणाले होते.

वेळ झाली. पण पहिल्यांदाच या मंचावर बसलेल्या प्रज्ञेशचा विलंबित ख्याल असा काही रंगला होता, की तिचं बोट बटणापर्यंत जाई आणि मागे येई. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तो मधूनच डोळे उघडून दिव्याकडे बघे, तेव्हा तर तिला त्याची कीवच येई. अजून एक आवर्तन होऊ दे, मग लावू. मग अजून एक. शेवटी पुढचे बुवा विंगेत येऊन उभे राहिले आणि निवेदिकेने आभार मानून टाकले.

प्रज्ञेश घाम पुसत आत आला.

"तुम्हाला थांबवावंसंच वाटेना," कादंबरी हसून म्हणाली, "म्हणून दिवा लावलाच नाही मी."



"वर्षभर एक तराणा घोटत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, दिवा लागला की सुरू करू."