कपाळामागची मराठी

सेजलने पेनासारख्या सुईचं टोक सगुण मास्तरांच्या नाकाच्या मुळाशी टेकवलं, मग दोन्ही कानांशी, मग मेंदूचे संकेत टिपणाऱ्या टोपीतल्या एकेका इलेक्ट्रोडवर. टोक टेकलं की ती जागा संगणकात टिपली जाई.

"बाय, थंड लागता गो हें," मास्तर म्हणाले. केसांतून जेल ओघळत होतं.

"मास्तर, दुखता जाल्यार सांगात," डॉ. रुद्रेश दारातून म्हणाले.

"मला काही दुखत नाही," मास्तर म्हणाले. सेजलशी ते कोकणीत बोलत, डॉक्टरांशी मात्र शुद्ध मराठीत, आणि तेही शाळेतल्या आवाजात. पेडण्याला त्यांनी जन्मभर मराठी शिकवली होती. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या आंदोलनात ते मराठीच्या मोर्च्याच्या पुढे होते. रुद्रेशचे वडील त्याच दिवसांत समोरच्या, कोकणीच्या मोर्च्यात होते.

डिचोलीच्या त्या खोलीत महिनोन्‌महिने हेच चाललं होतं. सकाळी माणसाला कोकणी वाक्यं ऐकवायची, जेवणानंतर मराठी, आणि मेंदू कुठे जागा होतो ते पाहायचं. मधे टोपी उतरवावी लागे, म्हणून जागा पुन्हा टिपायच्या. सकाळच्या फायली सेजल संगणकात घाली. मराठीच्या रुद्रेश स्वतः घालत, आणि त्यांना कुणाला हात लावू देत नसत. पेडण्याच्या लोकांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. घरात एक बोलतात, भिंतीवर दुसरं लिहितात, आणि दोन्ही धड येत नाही. हे आता मेंदूच सांगणार होता. रुद्रेश आणि सेजल, दोघांच्या नावाचा शोधनिबंध स्वीकारलाही गेला होता.

मास्तरांची मराठी वाक्यं ऐकून झाली. रुद्रेशना फोन आला, म्हणून मराठीची फाईल पहिल्यांदाच सेजलने उघडली. सकाळच्या आपल्या मांडणीत नव्हे, डॉक्टरांनी ठेवलेल्या मांडणीतच तिने ती आत घेतली. पडद्यावर इशारा उमटला, बिंदू डोक्यावर नीट बसत नाहीत. तिने पडद्यावरचं डोकं फिरवून पाहिलं. मास्तरांचं नाक उजव्या कानाच्या जागी आलं होतं आणि डावा कान नाकाच्या जागी.

"सर, हें डोकें कुशीक फिरलां."

"ती वॉर्निंग सदांच येता. ओके दाब."

तिने ओके दाबलं नाही. जुन्या फायली उघडल्या. मराठीच्या फायलींतली सगळी डोकी तशीच आडवी पाहत होती. सुईचं यंत्र पहिला आकडा नाकाच्या दिशेने मोजत होतं, आणि संगणक तो कानाच्या दिशेचा समजत होता. तिने दिशा दुरुस्त केल्या. मास्तरांचं नाक जागेवर आलं. कपाळामागे चमकणारा मराठीचा लाल ठिपका डाव्या कानाकडे सरकला आणि कोकणीच्या ठिपक्यावर जाऊन बसला.

रुद्रेश मागे येऊन उभे होते. त्यांनी फोन बंद केला.

"कोणाक सांगूं नाका," ते म्हणाले. "मास्तराचें डोकें काडून उडय अभ्यासांतलें."

"मग सगळ्यांचींच काडचीं पडटलीं, सर."

मास्तर डोकं धुऊन, टॉवेल गळ्यात टाकून आले. "काय निघालं, डॉक्टर?"

रुद्रेशनी दुरुस्तीआधीचं चित्र पडद्यावर आणलं. कोकणी कानामागे, मराठी दूर कपाळामागे. घरची भाषा मेंदू सहज ऐकतो, परक्या भाषेसाठी त्याला कपाळ शिणवावं लागतं, असं त्यांनी कोकणीत सावकाश सांगितलं. सांगताना ते मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

मास्तरांचा चेहरा उजळला.

"कपाळामागे!" ते म्हणाले. "बुद्धीच्या जागी. मी आयुष्यभर दुसरं काय सांगत होतो? चुलीपुढची बोली आणि विद्येची भाषा एका पाटावर बसतील काय?"

"मास्तर, तें चित्र चुकीचें," सेजल म्हणाली. तिने आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. "हें खरें. दोनूय एकाच जाग्यार आसात."

मास्तरांनी एकावर एक बसलेले ते दोन ठिपके पाहिले, मग सेजलला वरपासून खालपर्यंत.

"तूं खंयचें गो?"

"हांगाचेंच. डिचोलेचें."

"मराठी शाळेंत गेल्लें?"

"गेल्लें."

"तरीय?"

 मग रुद्रेश हसले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मराठीत बोलले. "नवीन आहे अजून, मास्तर. शिकेल हळूहळू."

"शिकतलें," मास्तर त्यांना कोकणीत म्हणाले. "ल्हान भुरगें तें." आणि चित्राकडे बोट केलं. "हें म्हाका छापून मेळटलें?"

रुद्रेशनी रंगीत प्रत काढून दिली. मास्तरांनी ती उजेडाला धरून पाहिली.

"सर," सेजल म्हणाली, "निबंधावेलें म्हजें नांव काडात."

"काडटां," रुद्रेश म्हणाले. तिच्याकडे न बघता त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चला मास्तर, तुम्हाला म्हापशापर्यंत सोडतो. तिथून पेडण्याची बस मिळेल."

"तुमकां त्रास कित्याक?"

"त्रास कसला!"

दोघे जिना उतरले. सेजलने टोपी बेसिनमध्ये घेतली आणि इलेक्ट्रोडांत अडकलेलं जेल ब्रशने घासू लागली. खालून गाडीची दारं लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोघांचं हसणं. तिने नळ पूर्ण सोडला.