धाकटीचं दुखणं

छुसक या कोरियन सणाच्या आदल्या दिवशी सकाळपासून ओट्यापाशी उभं राहून पितरांच्या नैवेद्यासाठी भोपळ्याचे काप तळताना मिरानचा नुसता जळफळाट चालला होता. धाकटी जाऊ बोरा ऐन सणात खुशाल आडवी पडली होती, आणि एरवी खाष्ट असलेल्या सासूबाई चक्क तिच्या पायांखाली उशी सरकवत होत्या!

"दुखणं कसं बाई पंचांग बघून येतं!" मिराननं टोमणा हाणला.

"गप गं! तिच्या ओटीपोटातल्या शिरा फुगल्या होत्या. परवाच डॉक्टरांनी बंद केल्या," सासूबाई डाफरल्या. "सगळ्या तुझ्यासारख्या दणकट नसतात."

बोरा ओशाळली. "ताई, पाच डॉक्टर म्हणाले, काही नाही, मनाचे खेळ. पण दिवसभर उभी राहिले की ओटीपोटात शिसं भरल्यासारखं ओढायचं. आडवं झालं की थांबायचं. सहाव्यानं नेमकं ओळखलं."

मिरानचा हात थांबला. "म्हणजे... हे सगळ्याच बायकांना होत नाही?"

"नाही हो, ताई."

मिराननं शेगडी बंद केली आणि ती बोराच्या शेजारी जमिनीवर लवंडली.

"त्या सहाव्याचं नाव सांग. आणि सरक गं जरा, बारा वर्षं उभी आहे मी."