टाचेची खूण

वळणावरच्या त्या खड्ड्याने मुकादमाच्या नाकी नऊ आणले होते. कितीदाही बुजवा, आठवडाभरात पुन्हा आ वासून तयार. वर साहेबांचा फोन, "डांबर खाता की काय तुम्ही?"

रोलर फिरला की गरम डांबरावर टाच आपटून बघायची, ही मुकादमाची जुनी सवय. डाव्या बुटाची कोपऱ्यात तुटलेली टाच जेमतेम उमटली, तर काम पक्कं. इथे ती दर वेळी जेमतेमच उमटली होती.

आज तो इरेला पेटला. "पार तळापर्यंत खणा. पाणी मुरतंय कुठेतरी."

डांबर निघालं, खडी निघाली, मग आजवर कुणी हात न लावलेली माती लागली. ती कोरडीठाक होती. आणि गरम.

"मुकादम, तुम्हीच उतरा खाली," रोलरवाला हळूच म्हणाला.

मातीत टाच उमटली होती. डावी, कोपऱ्यात तुटलेली. फक्त ती खाली रुतलेली नव्हती, खालून वर उठलेली होती.

"कुणाला मस्करी सुचतेय?" मुकादम करवादला आणि रागाने तिच्यावर टाच आपटली.

खालूनही टाच आपटली. तेवढ्याच रागाने.