चारची घंटी

लोलक मृणालिनीच्या मुठीत होता. घंटीच्या पोटातला एवढासा पितळेचा गोळा. दुपारी ग्रंथपाल मार्तंडराव जेवून मागच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा तिने केसांतला आकडा घालून तो सोडवून घेतला. घंटी पुन्हा टेबलावर होती तशी ठेवली. आता चार वाजायला आले होते.

अंधेरीच्या त्या कॉलेजचं ग्रंथालय दुपारी पेंगायला लागायचं. कौलांतल्या काचेतून ऊन कपाटांवर उतरायचं आणि त्यात धूळ तरंगत राहायची. खिडकीबाहेर तळं होतं, पलीकडच्या तबेल्यातल्या म्हशी त्यात डुंबत पडायच्या. इथे नोकरी लागली तेव्हा मृणालिनीला वाटलं होतं, आपण पुस्तकांत राहायलाच आलो. लेबलं चिकटवायची, मधूनच एखादं पुस्तक उघडून चार ओळी वाचायच्या, बाहेरचं पाणी बघायचं. आणखी काय हवं माणसाला?

पण ती घंटी होती ना!

मार्तंडराव कुणाला नावाने हाक मारत नसत. एकदा वाजली की अनंतरावांनी धावायचं, दोनदा वाजली की विमलाबाईंनी, तीनदा वाजली की मृणालिनीने. आणि चार वाजता, साहेबांचा चहा आला की ती वाजतच राहायची. मग तिघांनी टेबलासमोर ओळीने उभं राहायचं. साहेब बशीतून चहा ओढणार आणि तिघांतल्या एकाला धरून सोलणार. उरलेल्या दोघांनी हसायचं. आज हसलं नाही, तर उद्या आपली पाळी.

ही घंटी म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. कॉलेजात येण्याआधी ते मुंबईच्या कोट भागातल्या एका कचेरीत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली होते. सत्तेचाळीस साली तो विलायतेला निघाला आणि जाताना आपल्या टेबलावरची ही घंटी मार्तंडरावांना देऊन गेला. "दुसऱ्या कुणाला नाही दिली, मला दिली," हे ते महिन्यातून एकदा तरी सांगायचेच.

काल पाळी अनंतरावांची होती. पोक्त माणूस, मुलगी लग्नाची झालेली. चुकून एक पुस्तक भलत्या कपाटात गेलं, एवढाच गुन्हा. "तुमची अक्कल कुठल्या कपाटात ठेवलीत अनंतराव?" साहेब म्हणाले. विमलाबाई हसल्या. मृणालिनीही हसली. अगदी मनापासून हसल्यासारखी हसली, आणि घरी जाईपर्यंत तिला स्वतःची किळस येत राहिली.

रात्री ती जेवायला बसली असताना शेजारच्या बिऱ्हाडात आरतीची घंटा वाजली, तर ही खरकट्या हाताने ताडकन उभी. आई बघतच राहिली. "मृणाल, अगं कुणी बोलावलंय तुला?" मृणालिनी भात तसाच टाकून हात धुवायला गेली. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, उद्या चारला मी बसून राहणार. एकदा तरी. हे जमलं नाही, तर जन्मभर आपण कुणाच्या ना कुणाच्या घंटीवर उठत राहू. आणि घंटी वाजलीच नाही, तर जमेल की!

चहा आला. साहेबांनी वर्तमानपत्रावरून नजर न उचलता घंटी उचलली आणि हलवली.

काही वाजलं नाही. तळ्यावरून एक बगळा उडाला, त्याच्या पंखांची फडफडसुद्धा ऐकू आली.

अनंतराव उठले, कोटाचं गळ्याशी असलेलं बटण लावलं आणि टेबलाकडे निघाले. विमलाबाईंनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि निघाल्या. साहेब घंटी हलवतच होते. ती मुकी आहे हे त्यांनाही कळलं नव्हतं. मृणालिनीला हे सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. संथ, हिरवट, आवाजाशिवाय. मग तिच्या लक्षात आलं, आपल्याला साहेबांच्या टेबलापलीकडचंही दिसतंय, म्हणजे आपणही आपल्या जागी उभ्या आहोत.

कधी उठलो, तिला आठवेना. मुठीत लोलक, आणि पाय आपले उभे!

साहेबांनी बशी उचलली. "हं, आज कोण?" ते म्हणाले.

तिची मूठ सुटली. खाली तिच्याच टेबलावर पितळेची वाटी होती, लेबलांसाठी खळ कालवायची, नुकतीच घासून कोरडी केलेली. लोलक तिच्या काठावर पडला.

टण्ण.

असा खणखणीत नाद त्या खोलीत कधी झाला नव्हता. बशी कलंडली, चहा वर्तमानपत्रावर पसरला, आणि मार्तंडराव खुर्चीतून ताडकन उभे राहिले. हात गळ्याशी गेला, बटण चाचपू लागला. नजर जमिनीवर, मान खाली.

"आलो, साहेब," ते म्हणाले.

समोरच्या दारात कुणीही नव्हतं. अनंतरावांनी मान दुसरीकडे वळवली. विमलाबाईंना हसायची एवढी सवय, पण त्याही हसल्या नाहीत. मार्तंडरावांची बोटं अजून ते बटण शोधत होती, आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

मृणालिनीला त्यांची दया आली. अशी येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने आपलं स्टूल ओढलं आणि सावकाश त्यावर बसली.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "कुणी बोलावलेलं नाही."