लाल दोरीचं पोतं

“बाई, ते आकडे लिहू नका,” मावशी म्हणाली आणि तिने वजनकाट्यावरचं पिल्लू उचलून छातीशी धरलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. आईपासून तोडलेली डुकराची वीस पिल्लं, दहा डाव्या कप्प्यात, दहा उजव्या. डावीकडे लाल दोरीच्या पोत्यातलं खाद्य, उजवीकडे हिरव्या. एकात प्रथिनं जास्त, एकात कमी. प्रयोग होता, म्हणून कशात काय, हे बाईंनी मुद्दामच सांगितलं नव्हतं.

सांगायला हवं कशाला? मावशीची हयात डुकरं सांभाळण्यात गेली होती. आठवडा उलटायच्या आत डावीकडच्यांना हगवण लागली. बाई औषध देऊन गेल्या, गुण येईना. उजवीकडची मात्र टुणटुणीत. निकस खाद्य कुणाच्या वाट्याला आलंय, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

डावीकडचं सगळ्यात लहान पिल्लू, बारक्या, म्हणजे तर नुसती हाडं. इतरांचं उरकलं की मावशी त्याला मांडीवर घ्यायची आणि लाल पोत्यातलंच खाद्य भिजवून भरवायची. निकस तर निकस, निदान पोटभर मिळू दे. नवव्या दिवशी बारक्या गेला. मावशी त्या दिवशी जेवली नाही.

मग तिला राहवेना. उरलेल्या नऊ जणांना ती गुपचूप हिरव्या पोत्यातलं घालू लागली. चार दिवसांत हगवण थांबली. आता ती पिल्लं काट्यावर धड उभी राहत नव्हती, इतकी उड्या मारत होती.

“चांगलं खाद्य मी चोरून घातलंय,” मावशीने एका दमात सगळं सांगून टाकलं. “मला काढून टाका हवं तर. पण खोट्या आकड्यांखाली तुमची सही नको.”

बाईंची वर्षभराची तयारी पाण्यात गेली होती. त्यांनी वही मिटली.

“मावशी, जास्त प्रथिनं लाल पोत्यात होती. नुकतंच दूध तोडलेल्या पोटांना ती झेपली नाहीत. तुम्ही हिरवं घातलंत म्हणून ही नऊ जगली.”

मावशी पिल्लाला घेऊन खाली बसली. मांडीवरचं पिल्लू तिची बोटं चोखू लागलं. तिने हात मागे घेतला.

“मग बारक्याला,” ती म्हणाली, “दिवसातून तीनदा मी काय भरवत होते?”