एकोणीस खेळ्यांत मात

"मात नाहीये, बाबा," सून म्हणाली. "माझंही इंजिन तेच म्हणतंय."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सारला. "म्हणू दे काय म्हणायचं ते. मात आहे."

जेवणाच्या टेबलावर एकीकडे बुद्धिबळाचा पट, दुसरीकडे तिचा लॅपटॉप. कोडं सासऱ्यांनी रचलेलं: पांढऱ्याने एकोणीस खेळ्यांत मात द्यायची, काळ्याने काहीही केलं तरी. तीन वर्षं घासली होती त्यांनी त्यावर. मग ते बुद्धिबळाच्या एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवलं, आणि आज सकाळी संपादकांचा फोन. आमच्या इंजिनाला मात सापडत नाही, कोडं चुकीचं दिसतंय, संध्याकाळपर्यंत सिद्ध करा, नाहीतर स्पर्धेतून काढावं लागेल. दिसतंय म्हणे! तेव्हापासून म्हाताऱ्याने खुर्ची सोडली नव्हती. सुनेने तर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, स्वतः लिहिलेलं, त्यामुळे तिलाही उठवेना.

"जेवून घ्या आधी," सासूबाई आतून ओरडल्या. "राजा काही पळून जात नाही."

"तेच तर सिद्ध करायचंय!" सासरे तिथूनच ओरडले. मग त्यांनी पटावरचा पांढरा राजा एक घर मागे घेतला. "हे बघ. शह नाही, धमकी नाही. आता काळ्याची पाळी. घोडा हलवला तर मेला, राजा हलवला तर मेला. इथे तुझं इंजिन काय करतं? मला कळेल असं सांग."

सून सांगू लागली. खेळ्यांना इतक्या फांद्या फुटतात, की सगळ्या बघायच्या म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून इंजिन कात्री चालवतं. काळ्याची पाळी आली की आधी धरून चालतं, समजा हा गप्प बसला, खेळलाच नाही. गप्प बसूनही त्याचं काही बिघडत नसेल, तर खेळून कशाला बिघडेल? फांदी छाटायची, पुढे जायचं.

"बरीच इंजिनं असंच करतात, बाबा. त्याच्यामुळेच तर एवढा वेग..."

"गप्प बसला?" सासरे ताडकन उठले. "अगं, गप्प बसता आलं असतं तर आणखी काय हवं होतं त्याला! तो मरतोच मुळी खेळावं लागतं म्हणून!"

"अय्या!" सुनेने कपाळाला हात लावला. "म्हणजे जिच्यात मात आहे, नेमकी तीच फांदी मी छाटत बसलेय. आणि संपादकांचं इंजिनही हेच करत असणार."

तिने ती कात्री काढून टाकली आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. आता ते रांगायला लागलं. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. सासूबाईंनी पुटपुटत ताटं झाकून ठेवली. सासरे खोलीभर येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला विचारत होते, "आलं का?"

"येईल. बसा हो तुम्ही."

बसतात कसले!

दुपार उतरली आणि मात आली. सून आनंदाने ओरडणार, तेवढ्यात तिला आकडा दिसला. सतरा.

सातव्या खेळीला पांढरा उंट नुसता एक घर सरकतो, आणि काळा दोन खेळ्या आधीच अडकतो. ठरल्यापेक्षा लवकर मात निघाली की कोडं बाद, हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. एकोणीसचं उत्तर तेवढं संपादकांना पाठवून दिलं असतं, तर त्यांच्या इंजिनाला ही जवळची वाट सापडली नसती. म्हातारा खूश, संपादक गप्प. तिचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेला.

"आलं ना?" सासरे समोर येऊन उभे राहिले. "मग तोंड पाडून काय बसलीस? दाखव."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पटावरचा उंट त्यांनी एक घर सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"किती सुंदर आहे गं," ते म्हणाले. "मला कसं नाही दिसलं?"

"संपादकांना काय कळवू, बाबा?"

"खरं ते कळव. म्हणावं, कोडं चुकलेलंच आहे. पण मात नाही म्हणून नाही. मात आहे, आणि मी म्हटलं त्याच्याही आधी आहे."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर घेतला आणि कडेचं एक प्यादं उचलून उंटाच्या वाटेत आणून ठेवलं.

"आणि म्हणावं, दुरुस्त करून पाठवतो, संध्याकाळ अजून व्हायचीय. लाव इंजिन."