बांधाकडच्या चार ओळी

निवृत्ती गव्हाची उगवण बघायला रानात आला आणि बांधाकडच्या चार ओळींपाशी थबकला. बाकीचा गहू बोटभर वर आला होता, इथं मात्र नुसती माती.

त्याने बियाणे केंद्राच्या वर्षाताईंना बोलावून घेतलं. ताईंनी ती माती चिमटीत घेऊन यंत्राला लावली.

"काका, हा नवा गहू मातीची चव ओळखतो. मागच्या साली गहूच होता तिथं तो उगवत नाही. त्याला हरभऱ्याचा बेवड लागतो, म्हणजे आधी हरभरा होऊन गेलेली जमीन."

"मग? मी बांधापर्यंत हरभराच पेरला होता!"

"या चार ओळींत गहू होता. बी चुकत नाही."

निवृत्तीला काही उमगेना. गेल्या साली गहू होता तो बांधापलीकडे, थोरल्या भावाच्या, किसनअण्णाच्या रानात. तो इकडे कसा येईल? यंदा नांगरताना त्याने बांध तेवढा सरळ करून घेतला होता. तसा तर तो दरवर्षीच करून घ्यायचा. अण्णा बांध कोरून इकडे सरकतो म्हणून! तसं त्याने भर चावडीत सांगितलं होतं, नऊ वर्षं भावाशी बोलणं टाकलं होतं.

पलीकडे पिकाला पाणी धरत असलेला अण्णा ताईंचं बोलणं ऐकून बांधावर आला. त्याने त्या उघड्या ओळींकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, मग धाकट्याकडे.

"निवृत्ती," तो गोंधळून म्हणाला, "मला तर खरंच वाटायला लागलं होतं रे, की मीच कोरतो."